आदी गिअर

नवऱ्याला गाडी घ्यायची होती आणि मला नोकरीवर जायचं होतं. या दोन गोष्टी एकाच गाडीत बसतील असं मी धरून चालले, इथेच माझं चुकलं.

ओमानमधल्या सीबच्या एका इंडियन शाळेत मला गणित शिकवायला बोलावलं होतं. एक तारखेपासून, सकाळी पावणेसातला हजर. बस मिळणार नाही, आपापल्या गाडीनं या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही राहतो लांब, दार्सैतला. तिथे रस्त्याच्या कडेला टॅक्सीला हात करत उभं राहणं मी आठ वर्षं केलंय. आता लायसन्स होतं, तेही सहाव्या खेपेला मिळालेलं. तीनदा टेस्टच्या मैदानात रिव्हर्स घेताना मागच्या ड्रमला धडकले, दोनदा रोड टेस्टला पोलिसानं नुसती मान हलवली. सहाव्यांदा पास झाले तेव्हा धनेशनं बर्फी आणली, एक तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि लॅपटॉप उघडला.

"किशोरी, आता गाडी! पण कोरोला-बिरोला नाही हं. पुण्याला परत गेल्यावर अमेरिकन मसल कार कुठे चालवणार? सेकंडहँड मस्टँग नाहीतर कॅमेरो, दोनच चॉइस."

"मला चालवता आली पाहिजे. बाकी रणगाडा आण."

"चालवता काय, उडवता येईल!"

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना ताटाशेजारी फोन, फोनवर अमेरिकेतला कुठलासा ट्रॅक आणि त्यावर गुरगुरणाऱ्या गाड्या. ब्रेक किती मीटरवर लागतात, वळणावर मागचं चाक किती सुटतं, पाच वर्षांनी विकताना किंमत कितपत राहील, याचा त्यानं चाळीस ओळींचा तक्ता केला. ज्ञानदाला, म्हणजे आमच्या तिसरीतल्या मुलीला, पाढे येत नव्हते, पण हॉर्सपॉवर पाठ झाली होती.

सीबमध्ये रईसा नावाच्या हैदराबादी बाईंची मस्टँग विकायची होती. त्या स्वतः ती रोज चालवत. मी आत बसून पाहिलं, मागचा रस्ता व्यवस्थित दिसत होता. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता. धनेशच्या दृष्टीनं नाही.

"कॅमेरो एका लॅपला दोन सेकंद फास्ट आहे," तो म्हणाला.

"मला शाळेत जायचंय, धनेश."

"दोन सेकंद म्हणजे थोडेथोडके नाहीत गं!"

मग त्यानं खाबुरा गावातली एक कॅमेरो शोधून काढली. मालक हमूद, चांगली हिंदी बोलणारा ओमानी माणूस. धनेशनं फोनवर इंजिन विचारलं, टायर विचारले, अपघात विचारला.

"आणि गिअर?" मी बाजूनं ओरडले.

"विचारलं. आदी म्हणाला."

अरबीत आदी म्हणजे साधं, नेहमीचं. इथे चहा सांडला तरी आदी आणि लग्न मोडलं तरी आदी. धनेशला वाटलं, गिअरबॉक्स कंपनीचाच आहे, कुणी हात लावलेला नाही. मला वाटलं, ऑटोमॅटिक, कारण आमच्या बिल्डिंगखाली झाडून सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच. दोघंही खूश.

गुरुवारी सकाळी शेअर टॅक्सीनं आम्ही दोन तास करून खाबुऱ्याला पोचलो. परत येताना मी चालवणार असं ठरलं होतं, म्हणून मी मुद्दाम सपाट चपला घातल्या होत्या. हमूदनं खजूर आणि कहवा दिला, मग गाडीवरचं कापड काढलं. काळी, चकचकीत, आणि काचा पत्रपेटीच्या फटीएवढ्या. मी दार उघडलं, खाली पाहिलं.

तीन पेडल.

"ये तो मॅन्युअल है!"

"हां मॅडम," हमूद म्हणाला. "मैंने फोन पे बोला ना, गिअर आदी."

साध्या गिअरला, म्हणजे मॅन्युअलला, हे लोक आदी म्हणतात. आठ वर्षं इथे राहून आम्हा दोघा शहाण्यांना हे माहीत नव्हतं. पण खरी गंमत पुढेच होती.

"अरे वा, मॅन्युअल!" धनेशचा चेहरा फुलला. "मग तर आणखीच मजा! बस ना, चालव. लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

मी पर्समधून लायसन्स काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं. हमूदनं त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम का ओन्ली ऑटोमॅटिक है, साहब."

"तुझं ऑटोमॅटिकचं आहे?" धनेशनं विचारलं.

सहा टेस्ट. प्रत्येक टेस्टच्या आदल्या दिवशी मी ह्याच माणसासमोर ऑटोमॅटिकचे धडे घोकत होते. मला इतका राग आला की रडूच फुटलं, आणि परक्याच्या अंगणात रडू फुटलं म्हणून आणखी राग आला.

"तुला कॅमेरोचे ब्रेक पाठ आहेत," मी म्हणाले, "आणि बायको काय चालवू शकते ते माहीत नाही. चाळीस ओळींत माझी एक ओळ नाही, धनेश!"

त्यानं लायसन्स माझ्या हातात परत दिलं. हमूदनं गाडीवर कापड परत घातलं.

टॅक्सीची वाट बघत उभी असतानाच मी रईसाबाईंना फोन लावला. "है अभी," त्या म्हणाल्या, "मगर चार बजे एक साहब देखने आ रहे."

"हम तीन बजे आते. गिअर आदी तो नहीं ना?"

"तौबा! मैं आदी चलाती क्या?"

पावणेतीनला मी मस्टँगच्या स्टिअरिंगवर होते. रईसाबाई शेजारी, धनेश मागे, गुडघे हनुवटीला टेकवून. दोन सेकंदांचा विषय त्यानं काढला नाही.

एक तारखेला सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी शाळेच्या फाटकाशी गाडी लावली. फोन वाजला. धनेशच.

"पोचलीस? किती वेळ लागला?"

"आठ वर्षं," मी म्हणाले आणि वर्गावर गेले.