काळं बियाणं

आमच्या नातीचं, रेणुकाचं लग्न अमडापूरला झालं त्या वर्षीची, म्हणजे २०२२ सालची ही गोष्ट. साठी उलटल्यावर मला अक्षरं शिकवली ती तिनंच. सासरी जाताना बजावून गेली, आबा, रोज काहीतरी वाचत जा. घरात वाचायला होतं काय? खताच्या पिशव्या आणि औषधांची पाकिटं. तीच वाचायचो.

माझा धाकटा भाऊ निवृत्ती सोयाबीनला युरिया टाकायचा. जिवाणू लावलेल्या बियाण्याच्या मुळांना गाठी धरतात, त्या हवेतलं नत्र पिकाला देतात, मग युरिया लागत नाही, असं मी पाकिटावर वाचलं आणि त्याला सांगितलं. तो हसला.

"दादा, बाराखडी आली म्हून जमीन थोडीच वाचता येते?"

मला ते लागलं. शेजारीशेजारी दोन पट्टे पेरायचे ठरले. एक त्याचा युरियाचा, एक माझा जिवाणूंचा.

कृषी सहायकांनी नीट सांगितलं होतं. आधी खोडमाशीचं औषध चोळा, बी सावलीत सुकू द्या, मग गुळाच्या पाण्यात कालवून जिवाणू लावा. पेरणीच्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. सुकायला वेळ कुठला? मी सगळं एकाच घमेल्यात कालवलं. औषध गुलाबी होतं. जिवाणूंची पावडर कोळशासारखी काळी. गुलाबी रंग दिसेनासा झाला.

माझी बायको तानाबाई मागून शेतात आली. बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर मूठ दरवर्षी तिचीच असे. हात काळे झाले तेव्हा तिनं विचारलं, हे विषारी त नाही? मी जिवाणूंचं पाकीट काढलं आणि अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, माणसास व जनावरास अपाय नाही. वाचलं ते खरं होतं. गुलाबी औषधाचं सांगायचं राहून गेलं.

पेरणी आटोपली की उरलेल्या बियाण्याच्या घुगऱ्या करायच्या आणि पहिली वाटी चाडं धरणारीनं खायची, ही आमच्याकडची रीत. दुपारी मी निवृत्तीची तिफण परत द्यायला गेलो. तिथं बांधावरून त्याला माझ्या पेरणीचे तास, त्या सरळ ओळी, दाखवत बसलो. घरी आलो तर तानाबाई चुलीपुढं वाकून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती, वाटी रिकामी होती.

"धुतलं ना मी तीन पाण्यानं," ती म्हणाली. "तुमीच त वाचलं, अपाय नाही म्हून."

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध? मी गुलाबी औषधाच्या पाकिटावरचं नाव जुळवून वाचू लागलो. त्यांनी पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं.

ऑगस्टमध्ये निवृत्तीचा पट्टा हिरवागार होता, माझा पिवळा. मी झाडं उपटून पाहिली. मुळं साफ होती, एकही गाठ नव्हती. कृषी सहायक म्हणाले, औषधासोबत कालवल्यामुळं जिवाणू घमेल्यातच मेले. निवृत्ती बांधावर उभा होता.

तानाबाई २० जून २०२२ रोजी, सोमवारी पहाटे वारली. पेरणी शनिवारी झाली होती.