हौदातली गौर

"हे काय घालून आणलं पोरीइले?" गुणवंतरावांनी मागच्या फाटकाची कडी हातातच धरून ठेवली. "गुणाबाई, हा पोहाचा तलाव हाये. कबड्डीचं मैदान नाई."

फाटकाबाहेर मे महिन्याच्या उन्हात सहा-सात मुली एकीमागे एक उभ्या होत्या. प्रत्येकीच्या अंगात गावच्या क्रीडा मंडळाची जुनी निळी जर्सी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. पाठीवर नंबर आणि छातीवर बजरंगबली. सगळ्यात लहानगीच्या जर्सीचा गळा इतका मोठा होता, की तो मागून सुईदोऱ्याने आवळावा लागला होता.

"साहेब, नायलॉनचा कपडा पायजे म्हणून तुमीच तं बोल्ले," गुणाबाई म्हणाली. "सुती कपड्याचा रंग सुटते, धागे मशिनीत जातेत. हे नायलॉनच हाये. पोट्टे सिंदेवाहीची टुर्नामेंट याच्यावर खेळून आले. घामानं रंग नाई गेला, तं पान्यानं कायले जाईन?"

तेवढ्यात पोहणं शिकवणारी ज्योत्स्ना मॅडम आतून आली. राजुऱ्याची मुलगी, पंचविशीची, गळ्यात कायम शिट्टी. तिने एका जर्सीची कड बोटांत धरून चोळून पाहिली आणि म्हणाली, "चालते सर. दुपारच्याले येते तरी कोण इथं?"

"नगरपंचायतीच्या मेंबरनं पायलं तं माया गळ्याले येईन."

"मेंबर या वक्ती कूलरपुढं झोपून राह्यते."

गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. तलावाचे व्यवस्थापक म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यांना पोहता येत नव्हतं आणि अजूनही येत नव्हतं, त्यामुळे पाण्यात कोणी उतरलं की बिचाऱ्यांचा जीव टांगणीला लागायचा. त्यांनी कडी काढली. मुलींनी मागच्याच फाटकाने यायचं, भर दुपारी यायचं आणि संध्याकाळची पासवाली मंडळी येण्याआधी निघून जायचं, असं ठरलं. त्या उन्हात फरशीवर पाय टेकवत नव्हता. मुली टाचा उचलून पळत सुटल्या आणि पाण्याच्या काठाशी येऊन एकदम थबकल्या.

दिव्यानी सगळ्यांच्या मागे राहिली.

गुणाबाई या तलावावर बायकांच्या खोलीची कामवाली होती. फरशी पुसायची, चपला राखायच्या, शहरातल्या पोरींच्या विसरलेल्या केसांच्या पिना जपून ठेवायच्या. गेल्या भादव्यात तिची करिश्मा गेली, तेव्हा एका नगरसेविकेला कणव आली आणि तिने हे काम मिळवून दिलं. जिची पोर पाण्यात गेली तिला पाण्याच्याच काठावर बसवलं, म्हणून गावात बरीच कुजबुज झाली. गुणाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या धानाच्या बांधीला जायची वाट गावतलावाच्या मातीच्या पाळीवरून होती, आणि त्या वाटेने तिचा पाय उचलत नव्हता. हे दुसरं पाणी तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कितीतरी वेळ काठावर उभीच राहिली. त्याचा तळ दिसत होता. पाण्याला तळ असतो आणि तो दिसूही शकतो, हे तिला उभ्या जन्मात माहीत नव्हतं.

गावतलावाचा तळ तिला दिसला नव्हता असं नाही. उलट साऱ्या गावाने तो पाहिला होता. करिश्मा गेली त्याच वर्षी उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून जेसीबी येऊन पाळीच्या आतल्या बाजूला खोदून गेला. माणूस उभा बुडेल असे खड्डे पडले. पोरं त्यांत लपाछपी खेळली. करिश्मा तर एका खड्ड्यात अशी लपली होती, की गुणाबाईला जेवायला बोलावताना पाळीवर उभं राहून घसा ताणावा लागला होता. मग पाऊस आला, तलाव भरला, पाणी पहिल्यासारखंच हिरवं दिसू लागलं, आणि तळाला काय झालं होतं ते गाव विसरून गेलं.

भादव्यातल्या तिजेच्या गौरी पाण्यात शिरवायला बायका नेहमीच्याच जागी उतरल्या. आंब्याखालच्या दगडापासून सरळ आत जायचं, पाणी कमरेला लागलं की थांबायचं, टोपलीतली गव्हाची पिवळी रोपं, म्हणजेच गौर, पाण्यात सोडायची, आणि थोडी परत आणून एकमेकींच्या कानावर खोचायची. आज्या तिथेच उतरल्या, मायाही तिथेच उतरल्या. वाट डोळ्यांनी पाहायची नव्हतीच, ती पायांना पाठ होती. पोरी हातात हात धरून, गाणं म्हणत गेल्या. करिश्मा पुढे होती आणि तिचा हात दिव्यानीच्या हातात होता. दिव्यानीला कोणीतरी वेणीला धरून ओढून काढलं. करिश्माला मासे धरणाऱ्या चैतू ढिवराने बाहेर आणलं, तेव्हा दिवेलागण झाली होती. कानावर खोचायची रोपं तिच्या मुठीत तशीच होती.

हात कोणी सोडला, हे गुणाबाईने दिव्यानीला कधी विचारलं नाही. दिव्यानी शेजारच्याच घरची. तेव्हापासून ती गुणाबाईच्या अंगणातून जाणं टाळत असे आणि गोठ्यामागून वळसा घालून जाई. म्हणून तर गुणाबाईने आधी तिच्याच आईचा उंबरठा धरला होता.

"पुढच्या तिजेच्या आंदी पोरी पोहाले शिकल्या पायजेत," ती म्हणाली होती. "पोरी तलावात जाईनच बाई. धुणं हाये, म्हशी हायेत, शिंगाडे हायेत. किती दिवस धरून ठेवशीन?"

एवढं एकच तिच्या मनाने घेतलं होतं. करिश्मा परत येणार नव्हती. पण येत्या भादव्यात त्या पाण्यातून आणखी एखादी पोर चैतूच्या खांद्यावर येऊ नये, यासाठी ती दारोदार हिंडली, मंडळाच्या पोरांकडून जर्स्या मागून आणल्या आणि गुणवंतरावांच्या हातापाया पडली.

ज्योत्स्नाने पहिला धडा फुग्यांचा दिला. काठाला लावलेला स्टीलचा पाइप दोन्ही हातांनी धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडातून हळूहळू फुगे सोडायचे. "श्वास बाहेर, बाहेर, बाहेर… आता वर!" पहिल्या दिवशी निम्म्या पोरींच्या नाकात पाणी गेलं आणि बाकीच्या हसून हसून खोकल्या. गुणाबाई पोछा भिंतीला टेकवून, सावलीच्या कडेवर उभी राहून पाहायची. ती स्वतः कधी पाण्याला शिवली नाही. ज्योत्स्नाने एकदा म्हटलंही, "मावशी, पाय तरी बुडवा." गुणाबाईने नुसती मान हलवली.

दिव्यानी पाण्यात उतरली, पण पाइपाला अशी चिकटली, की बोटं पांढरी पडत. पहिले काही दिवस तिने तोंडही भिजवलं नाही. मग एका दुपारी, कोणाचं लक्ष नसताना तिने चेहरा पाण्यात घातला आणि फुगे आले. गुणाबाई डोळ्यांत तेल घालून बसलेलीच होती. तिने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. किती महिन्यांनी तिला बरं वाटलं होतं.

"आता हात सोडायचा," ज्योत्स्ना सगळ्यांना म्हणाली. "पाणी तुम्हाले धरते. मी खालून पाठीले हात लावीन. घाबरायचं नाई."

एक-दोघींनी सोडून पाहिला. दिव्यानीची पाळी आली तशी तिने पाइपाला कोपरांनी विळखा घातला.

"सोड ना बेटा. मी हाव ना."

"नाई सोडत."

"काऊन?"

"हात सोडला का मानूस बुडते." दिव्यानीने गुणाबाईकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. "मीच सोडला होता. मले कोनीतरी वेनीले धरून वरतं ओढलं तवा… माया हातून सुटला."

जी गोष्ट गुणाबाईने कधी विचारली नव्हती, ती भर उन्हात, परक्या गावच्या पाण्यात, अशी समोर येऊन उभी राहिली. दिव्यानीला जवळ घ्यावं असं तिला वाटलं आणि तिची भयंकर चीडही आली. दोन्ही खरंच होतं. ती पोछा उचलून आत गेली आणि पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत बसली.

बाहेर ज्योत्स्ना म्हणत होती, "आज राहू दे. उद्या सोडू."

दुसऱ्या दिवशी मुली आल्या तेव्हा तलावाच्या तळाशी मोटर घरघरत होती. शहराच्या नळांना पाणी नव्हतं, टँकर सुरू झाले होते आणि अशा दिवसांत तलाव भरून ठेवणं शोभत नाही, असा वरून हुकूम आला होता. पाणी पाइपाने मागच्या बाभळीत सोडलं जात होतं. गुणवंतराव छत्री धरून उभे होते. मुलींना पाहून ते ओशाळले.

"पावसाळ्यात भरू ना," ते म्हणाले. "मंग या. मी सोताहून फाटक उघडतो."

मुली काठावर बसून उतरणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिल्या. हळूहळू सगळा तळ उघडा पडला. निळ्या फरशा, खोल भागातला उतार, एक हरवलेली चप्पल.

"एवढूसाच होता?" लहानगी म्हणाली.

पावसाळा आला, पण तलाव भरला नाही. पाणी गाळायच्या मशिनीचा कोणतासा भाग जळाला होता आणि तो नागपूरहून यायचा होता. ज्योत्स्नाला दुसरीकडे काम मिळालं, ती गेली. गुणाबाईला नगरपंचायतीने बगिच्याच्या झाडलोटीवर घातलं.

श्रावणात ती चैतूकडे गेली. म्हातारा अंगणात जाळं विणत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"शिकवतो ना," तो म्हणाला. "मले काय हाये? माया नाती तं बेडकावानी पोहतेत. पन तुमचे लोक पोरी देईन का माया हाती?"

लोकांनी दिल्या नाहीत. गावचे बापूजी पाटील म्हणाले, पोरींना गडीमाणसाने पाण्यात हात लावून शिकवायचं, हे बरं दिसतं का? शिवाय ग्रामपंचायतीने मार्ग काढलाच होता. यंदापासून कोणत्याही बाईने गौर घेऊन तलावात उतरायचं नाही. हापशीजवळ जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद आहे, तो घासून, चुना लावून घ्यायचा आणि गौर तिथे शिरवायची.

"अन् धुणं?" गुणाबाईने विचारलं. "धुणं कुठी करायचं, बापूजी? म्हशी कोन आणन तलावातून?"

"ते रोजचं काम हाये, बाई. त्याले कोन अडवते?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच वाईट होतं. करिश्मा गौरीच्या दिवशी गेली, म्हणून गावाने गौर हलवली. खड्डा होता तिथेच राहिला.

तिजेच्या दुसऱ्या दिवशी हापशीवर बायका जमल्या. हौद पांढरा स्वच्छ झाला होता आणि त्यात हातभर पाणी होतं. गाणं म्हटलं गेलं, पण चालायला वाटच नव्हती, म्हणून ते लवकर संपलं. एकेक टोपली रिकामी झाली. गव्हाची रोपं पाण्यावर गर्दी करून राहिली, त्यांना जायला जागा नव्हती. गुणाबाईच्या घरी यंदा गौर नव्हती. ती मागे, हापशीच्या दांड्याला टेकून उभी होती.

मोठ्या बायका कानावर रोपं खोचायला लागल्या, तेवढ्यात लहानगीने हौदाची कड दोन्ही हातांनी धरली, तोंड पाण्यात घातलं आणि फुगे सोडले. मग दुसरीने, मग तिसरीने. हौदाच्या कडेने पोरींची वाकलेली डोकी ओळीने दिसू लागली आणि पाणी बुडबुडू लागलं.

"अवं, जनावराच्या हौदात तोंड कायले घालता?" दिव्यानीची आई ओरडली. "गौर हाये ना त्याच्यात!"

"राहू दे," गुणाबाई म्हणाली. ती कधी पुढे आली ते तिलाही कळलं नाही. "श्वास बाहेर. बाहेर… बाहेर… आता वर."

सगळी डोकी वर आली. दिव्यानीचं सगळ्यात शेवटी आलं. कपाळाला एक रोप चिकटलेलं. तिची बोटं कडेवर पांढरी पडली होती. गुणाबाईने ती पाहिली, आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"आत उतर," ती म्हणाली.

दिव्यानी कडेवरून आत उतरली. पाणी तिच्या गुडघ्यालाही नीट लागत नव्हतं. गुणाबाईने तिला उताणं निजवलं आणि बांगड्यांसकट दोन्ही हात पाण्यात घालून तिच्या पाठीखाली धरले. गेल्या भादव्यापासून ती पहिल्यांदाच एवढ्या पाण्यात हात घालत होती. दिव्यानीने तिचं मनगट गच्च पकडलं होतं.

"सोड, माय," गुणाबाई म्हणाली. "तुया हातून नाई सुटला तो. पान्यानं सोडवला. तू सोड आता."

दिव्यानीने डोळे मिटले. एकेक करून बोटं सुटली, आणि तिचे हात रोपांमध्ये आडवे तरंगायला लागले. पाणी इतकं उथळ होतं, की तिथे कोणी बुडायचंच नव्हतं. तरी गुणाबाईने आपले हात काढले नाहीत. कंबर भरून आली, लुगडं भिजलं, तरी ती तशीच वाकून राहिली. पलीकडे पाळीच्या वरून एक म्हैस तलावात उतरत होती आणि तिच्यामागे कोणाची तरी पोर, हातात काठी घेऊन, परकर वर खोचून चालली होती.