एका नंबरावर एकदाच

"पुढचा नंबर सांगा," काउंटरवरची संजना म्हणाली. मोहिनीने महिला मंडळाच्या वहीवर बोट ठेवून आठवा मोबाईल नंबर वाचला.

मागची रांग बिस्किटांच्या कप्प्यापर्यंत गेली होती. कडेवर पोर घेतलेल्या एका बाईने विचारलं की अजून किती वेळ. मोहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुपनच तसं होतं, त्याला ती तरी काय करणार? तीनशेच्या खरेदीवर किलोभर साखर फुकट, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत : एका मोबाईल नंबरावर एकदाच, शुक्रवारपर्यंत. म्हणून तिने विहारातल्या रद्दीतून कुपनं कापली, खिरीच्या सामानाचे अकरा ढीग केले आणि अकरा बिलं करायला लावली. तांदूळ, तूप, काजू, सगळं वाटून. नंबर मंडळातल्या बायकांचे. आता त्यांना विचारत कुठे बसायचं? साखर तर सगळ्यांच्याच खिरीत पडणार होती.

पहिला नंबर तिने मुद्दाम आशाचा दिला होता.

या आशाचं मोहिनीला सात वर्षं सलत होतं. वैशाखी पौर्णिमेच्या खिरीचं सामान आशाने आणायचं, आणि नाशिक रोडच्या त्या अख्ख्या कॉलनीने म्हणायचं की कुपन वापरावं तर आशाताईंनी. दोघींचे नवरे एकाच प्रेसमध्ये, घरं समोरासमोर, शिक्षण मोहिनीचंच दोन इयत्ता जास्त. मग आशाला कसलं सोनं लागलं होतं? बरं, तिची तऱ्हा तरी केवढी! चष्मा लावून कुपनाच्या अटी मोठ्याने वाचणार. घरोघर जाऊन विचारणार, बाई, तुझं कुपन तुला लागतंय का, नसेल तरच नंबर दे. दुपारी दोनला, दुकान रिकामं असताना जाणार, मागे कोणी असलंच तर दोन बिलं झाली की परत रांगेच्या शेवटी उभी राहणार. कप्प्यातला शेवटचा पुडा कधी उचलणार नाही. एवढं सोवळं पाळून तिला कधी चार किलोच्या वर साखर मिळाली नव्हती, तरी कौतुक तिचंच. मोहिनीचा नुसता जळफळाट व्हायचा. यंदा तिने बैठकीत हट्टाने काम मागून घेतलं. आशाने हसत वही तिच्या हातात दिली, आणि ते हसणंही मोहिनीला टोचलं.

अकरा किलो साखर घेऊन ती रिक्षातून उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शुक्रवारी सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटायला घेतली. अकरा किलो साखर फुकट आणल्याची बातमी पातेल्याआधीच फिरली होती. बायका मोहिनीच्या भोवती जमल्या. स्वतः आशा सगळ्यांसमोर म्हणाली की मला हे कधी जमलं नसतं. सात वर्षं याच वाक्यासाठी काढली होती मोहिनीने. तिने ते मनात दोनदा घोळवलं, आणि आशाच्या वाटीत खीर जरा जास्तच घातली.

तेवढ्यात फुलाबाई आली. सायखेड्याहून येऊन कॉलनीच्या टोकाच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी. तिने पदराची गाठ सोडून चार घड्या घातलेलं कुपन काढलं आणि आशापुढे धरलं.

"आशा, बघ बाई यात काय लिव्हलंय. दुकानातली पोरगी म्हणती, तुमची साखर गेली. म्या तर नेलीच नाय. आज माझी नात सायली येणार हाय, तिला शंकरपाळ्या करायच्या व्हत्या. तीनशाचं सामान तिथंच ठिवून आले."

मोहिनीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. वहीतला सातवा का आठवा नंबर, तिला नीट आठवेनासं झालं. फुलाबाईच्या बटणांच्या फोनवर मेसेज आलाच असणार, पण म्हातारीला वाचता कुठे येत होतं?

आता आशा म्हणणार, चला आजी, माझ्या नंबरावर घेऊ. मग दुकानात सगळं उघडं पडणार. मोहिनी वाट बघत राहिली. आशाने कुपन वाचलं, पुन्हा घडी घातली आणि मोहिनीच्या जवळ येऊन, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "माझ्याही नंबरावर घेतलेली आहे. परवाच मेसेज आला होता मला."

म्हणजे हिला परवापासून माहीत होतं. माहीत असून सगळ्यांसमोर कौतुक केलं. बोलली असती, भांडली असती तर मोहिनीने दहा उत्तरं दिली असती. तिला आशाचा एवढा राग कधीच आला नव्हता, आणि स्वतःची एवढी लाजही.

सगळ्यांचे नंबर दिले होते, फक्त स्वतःचा तेवढा तिने घरच्या साखरेसाठी राखून ठेवला होता. तिने डाव आशाच्या हातात दिला, हात धुतले आणि फुलाबाईची पिशवी घेतली.

"चला आजी. तुमची साखर मीच घेतलीय. माझा नंबर शिल्लक आहे."

फुलाबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. दुकानात गर्दी होती. मोहिनी रांगेच्या शेवटी उभी राहिली. पोर घेतलेली एक बाई मागे आली तेव्हा तिला पुढे जाऊ दिलं. संजनाने नंबर विचारला, मोहिनीने वही न बघता सांगितला. काउंटरवर साखरेचा पुडा आला.

परतताना पिशवी मोहिनीच्या हातात होती आणि फुलाबाईने तिचा दंड धरला होता. वडाच्या सावलीत म्हातारी दम खायला थांबली, आणि तिने मोहिनीच्या गालावरून हात फिरवला.

"लय गुणाची हायेस गं," ती म्हणाली. "अगदी आमच्या आशावानी."

मोहिनीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हातारीच्या पावलाने हळूहळू चालू लागली.