ओठांवरचं बोलणं

लहानपणी आलेल्या तापानं सुताराचे कान गेले होते. स्वतः बोलायचा, समोरच्याचं मात्र ओठांवरून ओळखायचा. त्यातही बायकोचे ओठ त्याला सगळ्यांत सोपे. ती शिवणकाम करायची आणि अखंड बोलायची. तोंडात टाचण्या धरून बोलली तरी त्याला कळायचं. "मला कुणी ऐकू येत नाही, ही तेवढी दिसते," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. भांडण झालं की डोळे मिटून घ्यायचा. मग ती काय बोलणार, कपाळ?

एका सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली उतरलेला, डोळा मिटत नव्हता. वारं लागलं असेल म्हणून ती बरेच दिवस शेकत बसली. शेवटी दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लगेच आला असतात तर गोळ्यांचा जास्त उपयोग झाला असता. बघू आता."

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं आईच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात कॅमेऱ्यासमोर भुवया उचलायच्या, ओठ मिटायचे, हसायचं. ॲप चेहऱ्यावर ठिपके मांडायचं, दोन्ही बाजू ताडून पाहायचं आणि गुण द्यायचं. ती हट्टाला पेटली. मशीन बाजूला ठेवून दात-ओठ खाऊन हसायची. सुतार समोर फोन धरून बसायचा. "नापास झालीस तरी नांदवीन," म्हणायचा.

पण प, ब, म म्हणताना तिचे ओठ नीट मिटत नव्हते. ती 'बटण' म्हणाली की तो भलतंच काही आणून द्यायचा. आधी दोघं हसले. मग त्यानं विचारणंच सोडलं, नुसती मान डोलावू लागला. तिला शंका आली. जेवताना ती सहज म्हणाली, "तुमचा शर्ट पेटलाय."

"हो, छान झालंय," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. त्या दिवसापासून ती त्याला फोनवर लिहून दाखवू लागली. एकाच टेबलाशी बसून दोघं एकमेकांना मेसेज पाठवायचे. बोलताना ती एका गोष्टीतून दुसरीत शिरायची. लिहिताना दोन शब्दांत आटपायची.

काही महिन्यांनी डोळा मिटू लागला, गालात हालचाल आली. पण ओठ हलवले की डोळा आपोआप बारीक व्हायचा आणि तोंड एकीकडे ओढलं जायचं. लेकीनं एका फिजिओथेरपिस्ट बाईंशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला.

"नसा परत वाढल्या, पण काही चुकीच्या जागी जोडल्या गेल्या," बाई म्हणाल्या. "आता जोर लावू नका. ते गुण विसरा. हलक्या हातानं मालीश, हळूहळू हालचाल."

"पहिल्यासारखं होईल?"

"सैल पडेल. पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही."

चित्र अडखळत होतं, त्यामुळे शेजारी बसलेल्या सुताराला काहीच कळलं नव्हतं. "काय म्हणाल्या?"

तिनं लिहिलं, 'सुधारतंय म्हणाल्या.' ते वाचून त्याचा चेहरा असा उजळला की तिनं मान फिरवली.

एका दुपारी ती चहा घेऊन त्याच्या कारखान्यात गेली. तो दाराकडे पाठ करून बसला होता. समोर रंध्याला टेकवलेल्या फोनवर एक जुना व्हिडिओ चालू होता. लेकीनं गंमत म्हणून काढलेला. त्यात ती कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत भरभर बोलत होती. आवाज बंदच होता, त्याला त्याची गरज नव्हती. तो खदखदून हसला. म्हणाला, "अगं, पण तिनं पैसे दिले का शेवटी?" आणि व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला.

ती दारातच थिजली. सवत असती तर झिंज्या धरून बाहेर काढली असती. हिचं काय करायचं?

त्याला चाहूल कशी लागली कोण जाणे. वळला, चोरी पकडल्यासारखा फोन पालथा घातला.

"मलाही तिची फार आठवण येते," ती म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. "परत म्हण."

ती परत म्हणाली, सावकाश. डावा डोळा मिटला, तोंड ओढलं गेलं. त्यानं कपाळाला आठ्या घालून, जीव एकवटून पाहिलं.

"एकदाच अजून."

तिसऱ्यांदाही त्याला कळलं नाही. त्याचे डोळे भरून आले. "लिही ना," तो म्हणाला.

तिनं फोन काढला, थोडा वेळ हातात धरून ठेवला आणि लिहिलं, 'चहा गार होईल.'

त्यानं वाचलं आणि कप उचलला.