गुडगुडीचं गप्प पोट

“ठोके मोजले म्हणजे झालं असं समजू नकोस हं. पोट ऐकल्याशिवाय घोड्याला सोडायचं नाही. कळलं ना रे?”

हा आवाज फार जुना आहे. जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला आपल्या गळ्यातून काढलं आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका सडपातळ डॉक्टरांच्या गळ्यात घातलं, तेव्हा त्या असं म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. कानांत घालायच्या दोन बोंड्या, एक रबरी नळी आणि टोकाला एक थंडगार चकती. मला स्वतःचं असं काही बोलता येत नाही. जिथे टेकवाल तिथला आवाज उचलायचा आणि निमूट कानापर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम.

पण काय काय पोचवलंय मी! गाभण गाईच्या पोटातलं दुसरं इवलंसं काळीज पोचवलंय. म्हाताऱ्या कुत्र्याच्या छातीतली घरघर पोचवलीय. घोड्याचं पोट तर बाजारपेठच असतं, तिथे सदा वर्दळ. कधी गडगडतं, कधी खळखळतं, कधी दूर कुणी बादली ओढत नेल्यासारखं वाजतं. “काय म्हणतंय हो पोट?” असं मालकाने काकुळतीला येऊन विचारलं की आमचे डॉक्टर म्हणायचे, “म्हणतंय, आधी मालकाला औषध द्या!” मालक हसे, जनावर कान हलवी, आणि माझी चकती कोटाच्या बाहीवर पुसली जाई. ते पुसणं मला शाबासकीसारखं वाटायचं.

मग एक दिवस काहीतरी बिनसलं. मी आवाज उचलत होतो, वर पाठवत होतो, आणि वर कुणी दार उघडत नव्हतं. डॉक्टरांनी मला झटकलं. बोंड्यांत फुंकर मारली. “नळीच गेली बघ याची,” ते लेकीला म्हणाले. लेकही जनावरांचीच डॉक्टर. तिने नवी नळी आणून दिली. चार महिन्यांनी दुसरी आणली. दोन्ही वेळा नाव माझंच खराब झालं. आपले कान मंदावलेत, हे डॉक्टरांना तेव्हाच कळलं होतं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे कोण जनावर आणणार? लेक काय म्हणेल? या भीतीने त्यांनी तोंड मिटलं. समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठांवरून त्यांचं भागायचं. पाठीमागून बोललं तर ते नुसतं “हं, हं” करायचे.

आणि तपासणी? ती हातचलाखीवर चालली होती. घोड्याच्या जबड्याखाली एक नाडी असते. मला छातीवर टेकवायचं, दुसऱ्या हाताची बोटं गुपचूप जबड्याखाली सरकवायची आणि ठोके मोजायचे. आकडा बरोब्बर यायचा. पण पोटाला नाडी नसते, मित्रांनो. पोटाचं काम बोटांनी भागत नाही. तिथे डॉक्टर मला पोट ऐकायच्या चारही जागी टेकवायचे, मान डोलवायचे आणि कार्डावर ‘ठीक’ लिहायचे. मी सगळं बघत होतो, आणि दर खेपेला माझी चकती आणखी गार पडत होती.

अशात दोन वर्षं गेली आणि लांब पल्ल्याची रपेट आली. पल्ला साठ किलोमीटरांचा. पहिलं कोण आलं याला तिथे मोल नसतं. घोडा धडधाकट परत आणला, त्याचीच रपेट पूर्ण. वाटेत दोन थांबे आणि शेवटी एक तपासणी. तिन्ही ठिकाणी घोडे तपासायला आमचे डॉक्टर, म्हणजे मी. लेक शेवटच्या मैदानावर उपचारांच्या तंबूत.

त्या दिवशी एक शिंपीणबाई आल्या होत्या. वय बावन्न, गळ्यात मोजपट्टी विसरून राहिलेली. त्यांच्या घोडीला एका रायडिंग स्कूलने म्हातारी म्हणून काढून टाकलं होतं. बाईंनी तिला घरी आणलं, तीन वर्षं पहाटे उठून फिरवलं, खोगिराखालचं जाड कापड स्वतः शिवलं. घोडीचं नाव गुडगुडी, कारण तिचं पोट कधी गप्प बसायचंच नाही. “घरात रेडिओ नाही आमच्या, ही आहे,” बाई म्हणाल्या. “आमचे हे म्हणतात, या वयात घोड्यावरून पडलीस तर तुला शिवायचं कुणी?”

पहिल्या थांब्यावर गुडगुडीच्या पोटात नुसती जत्रा होती. सगळी जत्रा मी वर पोचवली. वर ती कुणी ऐकली नाही, पण ‘ठीक’ लिहिलं ते खरंच ठीक होतं.

दुसरा थांबा चाळीस किलोमीटरांवर. ऊन चढलेलं, घोडीच्या मानेवर घामाचं मीठ वाळलेलं. मला पोटावर टेकवलं, आणि मी दचकलो. आवाज नाही. दुसऱ्या जागी, नाही. तिसऱ्या, चौथ्या जागी, नाही. मित्रांनो, पळणाऱ्या घोड्याचं पोट असं मुकं होणं म्हणजे धोक्याची घंटा. मी त्या दिवशी वर रिकाम्या हाताने गेलो, आणि ते रिकामेपण हीच बातमी होती. पण ज्याच्या कानांना दोन वर्षं सगळंच रिकामं, त्याला ती कळावी कशी?

घोडीच्या पलीकडून बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आज ही फार गप्प आहे हो. चालेल ना?”

डॉक्टरांना घोडीच्या पाठीवरून बाईंची फक्त टोपी दिसत होती. त्यांनी मान डोलावली. “हं, हं.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पुन्हा खोगिरावर चढल्या.

दुपारी त्यांनी रेषा ओलांडली. ठोके नियमात, चाल सरळ, पोट ‘ठीक’. कार्डावर ‘पूर्ण’ असा शिक्का उमटला. बाई रडत होत्या, हसत होत्या, घोडीच्या नाकावर नाक घासत होत्या. टाळ्या वाजल्या. मी डॉक्टरांच्या गळ्यात होतो आणि मला त्या टाळ्या सोसवत नव्हत्या.

अर्ध्या तासात गुडगुडीने पुढच्या पायाने माती उकरायला सुरुवात केली. वळून वळून ती आपल्याच कुशीकडे बघू लागली. मग गुडघे मोडून खाली बसली. लेक तंबूतून धावत आली आणि तिने डॉक्टरांच्या गळ्यातून मलाच ओढून घेतलं. किती दिवसांनी कुणीतरी मला खरोखर ऐकलं! तिचा चेहरा उतरला.

“बाबा, पोट पूर्ण गप्प आहे. मागच्या थांब्यावर आणि मघाच्या तपासणीत आवाज होता ना?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “होता,” ते म्हणाले.

“नक्की? आत्ताच बंद पडलं असेल तर सलाइन लावून तासभर वाट बघू. आधीपासून असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. लगेच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं.”

“होता म्हटलं ना.”

शिंपीणबाई मातीत बसून घोडीचं डोकं मांडीवर घेत होत्या. “माझंच चुकलं,” त्या म्हणत होत्या. “शिक्क्याच्या हावेपायी पळवली हिला शेवटी. मीच मारली गं हिला, मीच.”

मित्रांनो, गुडगुडी जगली, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. तिला वेळेत हलवलं म्हणून ती जगली. आता तिला कुणी रपेटीला नेत नाही. ती शिवणयंत्राच्या खिडकीबाहेर उभी राहून गवत खाते आणि पोटाने बडबडते. मी हल्ली लेकीच्या गळ्यात असतो. पण लाज अजून सुटलेली नाही. मला तोंड नव्हतं हे खरं, तरी एका मुक्या जिवाचं गाऱ्हाणं माझ्या नळीतून गेलं आणि वाटेतच विरलं. म्हणून हात जोडून सांगतो, हात नसले तरी. आपलं एखादं इंद्रिय, एखादं हत्यार थकलं, तर ते लपवू नका. थकण्यात कसली लाज? जे लपवलं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात दुखतं.

तर त्या दुपारी मैदानावर लेक सलाइनची बाटली टांगत होती आणि बाई स्वतःला बोल लावत होत्या. डॉक्टर बाईंच्या समोर, मातीत, गुडघ्यांवर बसले.

“बाई, तुम्ही काही चुकला नाहीत,” ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. “पोरी, ती बाटली राहू दे, गाडी बोलाव. मागच्या थांब्यावर आवाज होता की नव्हता, मला ठाऊक नाही. दोन वर्षं झाली, मला यातून काही ऐकूच येत नाही गं.”