जिन्याचं वळण

शिट्टीवाल्यांना बचाव मंडळाचं अध्यक्षपद कुणी दिलं, ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आधी गळ्यात शिट्टी आली, मागून पद आलं. गल्ली जुनी, घरं लाकडाची आणि एकमेकांना खेटलेली. एक पेटलं की अख्खी रांग जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून रहिवाशांनीच एकमेकांना बाहेर काढायचा सराव ठेवला. आणि वाचवायला निवडलं कुणाला? शिट्टीवाल्यांच्या सुनेला. वजनाला हलकी आणि फोटोत बरी येते म्हणून.

शिंपीणबाईंचं डोकंच फिरलं. त्यांचे सासरे तिसऱ्या मजल्यावर, पाय गेलेले, अंगाने भरल्या पोत्यासारखे.

"अहो, तिला धडधाकट पाय आहेत. आमच्या बाबांना उतरवून बघा की."

"वहिनी, हा नुसता सराव आहे. आजोबांना कशाला त्रास?"

"मग खऱ्या आगीत त्यांना आरामात जाळायचं का?"

शिट्टीवाले हसले. समोरच्याला आपणच खुळे आहोत असं वाटायला लावणारं ते हसणं. मग सून, सराव बघायला बोलावलेले पाहुणे आणि फोटोवाला घेऊन त्याच घराच्या चौथ्या मजल्यावर गेले.

बाईंनी बाबांना खुर्चीत बसवलं, पोटाशी पट्टा आवळला, शेजारच्या सुताराला आणि त्याच्या भावाला हाक मारली. खुर्ची पहिल्याच वळणावर अडकली. तिथला नक्षीदार कठडा पोट काढून उभा. पुढे जाता येईना, मागे येता येईना. आणि जिना तर एकच.

वर शिट्टी वाजली. स्ट्रेचर घेऊन धावत आलेली वरात बाबांच्या टकलापाशी थबकली.

"यांना बाजूला घ्या," शिट्टीवाले म्हणाले.

"कुठे घेऊ? खिशात?"

सुतार म्हणाला, "कठडा कापला तर निघेल."

"हात लावू नका. दोनशे वर्षांचा आहे. तो बघायला लोक लांबून येतात."

"मी ऐंशीचा," बाबा म्हणाले. "मला बघायला कुणी येत नाही, म्हणून अडकवून ठेवता?"

"परवानगी काढावी लागते, आजोबा."

"काढा की," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बैठक मारली. "आम्हाला कुठे घाई आहे."

पाहुणे घामाघूम. एकाला लघवीला जायचं होतं, तो आढ्याकडे बघत होता. तेवढ्यात स्ट्रेचरवरची सून उठून बसली. मढं बोलायला लागावं तसे सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मामंजी, खरी आग असती तर एव्हाना आपण सगळेच गेलो असतो."

शिट्टीवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, "कापा."

सुताराने करवत चालवली, कठडा निघाला, खुर्ची वळली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं.

दुसऱ्या मजल्यावर तसंच वळण, तसाच कठडा. खुर्ची पुन्हा रुतली. या वेळी परवानगीचं नाव कुणी काढलं नाही. शिट्टीवाल्यांनी सुताराच्या हातातली करवत स्वतःच ओढून घेतली. धरली तीही उलटी.