भावोजींचा शोध

मी ताईला न्यायला आले होते. भावोजींची होडी वादळात उलटून चार महिने झाले. बरोबरचे दोघे पोहत आले, भावोजी आलेच नाहीत. आणि ही बया अजून त्यांचे शर्ट उन्हात टाकत होती, दमट हवेनं वास येतो म्हणून.

"माझ्याबरोबर चल," मी म्हटलं.

"हे सापडलेत का? मग कशी येऊ? तू किनाऱ्यावरची गावं बघून ये. कुणी सांगितलं, हे गेले, तर निमूट येईन."

हट्टात मीही काही कमी नाही. ताईच्या सासऱ्यांना बरोबर घेतलं आणि तीन दिवस पायपीट केली. बर्फाचा कारखाना, दीपगृह, खाडीपलीकडचा सरकारी दवाखाना. प्रत्येक दारात मी घसा कोरडा करायची आणि सासरे मागे उभे. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"काका, मूग गिळलेत का? मुलगा तुमचा गेलाय की माझा?"

ते तिथंच दगडावर बसले.

"जाळ्यात प्रेत आलं तर इथं कुणी वर घेत नाही, पोरी. किनाऱ्याला आणलं की चौकशी लागते, होडी महिनाभर अडकते. ऐन हंगामात पोरंबाळं काय खाणार? तोंडही बघायचं नाही. बघितलं की हात चालत नाही. जाळं कापायचं, सोडून द्यायचं. मी तोवर तिघांना सोडलं होतं."

"मग?"

"वादळानंतर आठ दिवसांनी चौथं आलं. मीच म्हटलं, कापा. घरी जाळं धुताना त्यात पट्टा सापडला. त्याचं शेवटचं भोक मीच खिळ्यानं पाडलेलं. तापानं बारीक झाला होता ना तो."

मला त्यांची शिसारी आली. आणि खोटं कशाला सांगू, त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही जमलं नाही.

"ताईला सांगितलंत?"

"कसं सांगू? दोन्ही वेळा तीच वाढते मला."

घरी पोचलो तर ताई दारातच. मी नुसतं "गेले" म्हटलं असतं, तरी ती आली असती. पण कुणी सांगितलं, हे तिनं विचारलंच असतं. खोटं नाव घेतलं असतं तर त्या माणसाच्या दारात जाऊन धडकली असती. सासरे बाजूला पाय धूत होते.

"कुणी काही म्हणालं?" ताईनं विचारलं.

"नाही गं."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"बघ! मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "आणि मामंजी रोज समुद्रावर असतात. हे कुठं दिसले, तर ते सोडून येतील होय?"

सासरे पाय धूतच राहिले. सकाळच्या गाडीनं मी एकटीच परतले.